रांगोळीतलं गाव

विदर्भात उघडीप पडली की ते मला अंधेरीत सहाव्या मजल्यावर कळतं. खिडकीबाहेर मुंबईचा पाऊस असा लागलेला असतो की समोरच्या बिल्डिंगचं नावसुद्धा दिसत नाही, आणि माझ्या हेडफोनमध्ये मात्र चक्क ऊन पडलेलं असतं. ऐकू येतं ते. घरात कोंडून बसलेला माणूस वावरात निघाला की त्याचा आवाज मोकळा होतो. मागे बैलाच्या गळ्यातली घंटी वाजते, कुणीतरी फवारणीचा पंप हलवून बघत असतं, आणि तो विचारतो, "साहेब, पराटीची पानं लाल पडून राह्यली, काय मारू?" पराटी म्हणजे कपाशीचं झाड. हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही, म्हणून तर ही नोकरी मिळाली.

शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणारी कंपनी आहे आमची. बाकीची पोरं बातम्या वाचल्यासारखा सल्ला देतात. मी समोरच्याच्या तोंडातला आवाज उचलतो. कोल्हापूरचा असला तर दुसऱ्या वाक्याला माझ्या जिभेवर तांबडा रस्सा येतो, जळगावचा असला तर केळीच्या बागेत उभा राहून बोलतो. मालवणीत मात्र पकडला जातो. ती माणसं तिसऱ्या शब्दाला ओळखतात आणि वर हसून दादही देतात. टीम लीडर नव्या पोरांना माझे कॉल ऐकवतो आणि याला म्हणतात कनेक्ट, असं म्हणतो. मी टीम लीडरचाही आवाज काढतो, पण तो जेवायला गेल्यावर.

तर ही उघडीप दरवर्षी येते आणि दरवर्षी माझं काहीतरी बिघडवून जाते. कारण ॲडमिशनचा सीझनही हाच. खरिपाचे फोन आणि नातेवाइकांचे फोन एकत्र येतात. इकडे कपाशी पिवळी पडलेली, तिकडे कुणाचा तरी पोरगा बारावीत पिवळा पडलेला. "सागर, तू ॲग्री केलंस ना रे? स्कोप काय आहे त्यात?" स्कोप हा शब्द आमच्याकडे असा विचारतात जसं काही मी तो खिशात घेऊन फिरतोय आणि कंजूषपणा करून दाखवत नाहीये.

यंदा तो प्रश्न घरातूनच आला. मी घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर मामाकडे राहतो. खाली मेट्रो दिसते, वर मोबाइलचा टॉवर, आणि मधे आम्ही. मामा लिफ्टचा मेकॅनिक आहे. मुलुंडपासून अंधेरीपर्यंतच्या कितीतरी बिल्डिंगी त्याच्या हातून वरखाली होतात. त्याची मुलगी सोनल, माझी मामेबहीण, यंदा बारावी झाली. मार्क चांगले. घाटकोपरमध्ये जन्मली, घाटकोपरमध्ये वाढली, शेत तिनं पाहिलं ते गावी लग्नाला जाताना एसटीच्या खिडकीतून. आणि ही पोरगी म्हणते, मला बीएस्सी ॲग्री करायचंय. मामाला तिला नर्सिंगला घालायचं होतं. सोमवारी ॲडमिशनचा पसंतीक्रम लॉक होणार होता. एकदा लॉक झालं की झालं.

मामाचा मातीवर राग आहे, आणि तो नुसता बोलण्यापुरता नाही. त्याचा बाप, म्हणजे माझे आजोबा, सालगडी होते. वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या वावरात राबायचं, आणि पाणी वरून ओंजळीत घ्यायचं. आम्ही बौद्ध. गावात आमच्यापैकी कुणाच्याच नावावर वीतभर जमीन नव्हती, पण सगळ्या गावाची जमीन आमच्या नखात होती. मामा तिथून पळाला आणि थेट टेकडीवर चढला. इथं पुन्हा मातीच. टेकडीवर राहणाऱ्याला पावसाळ्यात माती म्हणजे वरून काय खाली येईल त्याची धास्ती. मोठी सर आली की मामा उठून मागची संरक्षक भिंत बघून येतो. तो म्हणतो, मातीला एकच काम येतं, खाली यायचं. सोनलनं मासळीवाल्यांचे थर्माकोलचे खोके आणून त्याच भिंतीच्या कडेला मायाळू, हळद आणि कसली कसली रोपं लावलीत. मामा त्यांच्याकडे बघत नाही. ती आत आली की तेवढं म्हणतो, "हात धू."

ॲग्रीचं ऐकल्यावर त्यानं पहिल्यांदा चेष्टाच केली. शेवटच्या वर्षी खेड्यात जाणाऱ्या मुलींना कृषिकन्या म्हणतात, हे त्याला माझ्याच बडबडीतून माहीत होतं. "कन्या माझ्याकडे आहे," तो म्हणाला, "कृषी कुठून आणू?"

मामी हसली, मीही हसलो. सोनल हसली नाही.

मग मामानं मला जिन्यात गाठलं. त्याचं म्हणणं असं की हे सगळं माझ्या तोंडामुळे झालंय. मी कॉलेजच्या नकला करून करून तिच्या डोक्यात शेती म्हणजे गॅदरिंग असं भरवलंय. तेव्हा आता त्याच तोंडानं तिला जरा घाबरव. एरवी तो मुंबईचं बोलतो, पण काळजीत असला की वऱ्हाडी वर येतं. "तुह्या तोंडाले धार हाय बे. वापर थोडी."

घाबरवायला माझ्याकडे माल भरपूर होता. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी सरांनी एकेकाला उभं करून विचारलं होतं, ॲग्रीला का आलात. पहिला म्हणाला, काळ्या आईची सेवा करायला. सरांनी मान डोलावली. मग काय, पूर्ण वर्गच काळ्या आईचा लेक निघाला. खरी उत्तरं रात्री होस्टेलवर मिळाली, आणि ती मी आजही एका दमात, वेगवेगळ्या आवाजात करून दाखवतो. माझा रूममेट संग्राम, घरची संत्र्याची बाग, सोन्याचं कडं, जड आवाज: चार वर्षं निवांत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होतो, बाकी शेतीचं मला नको सांगू. एकाचा बाप खतं-औषधं विकायचा, त्याला दुकानाच्या लायसनसाठी पोराची डिग्री हवी होती. एकाचं मेडिकल हुकलं होतं आणि तो शेतीकडे डॉक्टर जसा दुसऱ्या डॉक्टरच्या पेशंटकडे बघतो तसा बघायचा. एक मुलगी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये म्हणाली, दादा इथंच शिकला, त्याची सायकल इथंच आहे. कुणाला बँकेत शेती अधिकारी व्हायचं होतं. कुणाला पोरगी मिळायला शेतीच्या पुढे 'अधिकारी' लागणार होतं. एकंदरीत काय, शेतीपासून लांब जायचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणून सगळे शेतीच्या कॉलेजात जमले होते.

माझं उत्तर मी कुणाला दिलं नाही. मी तेव्हा सरांची नक्कल करून वेळ मारून नेली.

माझं उत्तर एक खुर्ची होतं. आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या पटांगणात शेतकरी मेळावा भरायचा. बाबा शाळेत शिपाई, म्हणून सतरंज्या टाकायला मी असायचो. एके वर्षी नवे कृषी अधिकारी आले, आणि ते आमच्यातले होते. जीपमधून उतरले, तर ज्यांच्या ओसरीवर बाबा कधी बसले नव्हते ते सरपंच स्वतः पुढे झाले आणि आपल्या उपरण्यानं खुर्ची पुसून दिली. साहेब, बसा. बाबांनी मला कोपर मारलं. मला बियाणं, खत, मातीचा सामू, काही नको होतं. मला ती पुसलेली खुर्ची हवी होती.

आणि बघा, मिळाली. फिरती आहे, मागे टेकता येतं, अंधेरीत आहे. दिवसभर लोक साहेब म्हणतात. फक्त त्यांना मी दिसत नाही.

उघडीप पडली की मला मुळात आठवतो तो रावेचा पावसाळा. रावे म्हणजे शेवटच्या वर्षी आम्हाला एका गावात नेऊन सोडतात, शेतकऱ्यांसोबत राहा, शिका आणि शिकवा म्हणून. आम्ही पोरं कृषिदूत. पांढरा शर्ट, टोपी, छातीवर बिल्ला. गावात शिरलो की कुत्री आधी बिल्ला वाचायची आणि मग भुंकायची. जे काही करू त्याचं एक बॅनर असायचं. माती परीक्षण करायचं तर बॅनर, बीजप्रक्रिया करायची तर बॅनर. काका बिचारे फावडं बाजूला ठेवून बॅनरचं एक टोक धरायचे आणि विचारायचे, झालं का? आम्ही म्हणायचो, झालं. शिकवणं फोटोबरोबर व्हायचं आणि फोटोबरोबर संपायचं.

तरी तो पावसाळा सुंदर होता, हे मला लपवता येत नाही. सोयाबीनच्या ओळींमधून तण काढणारा डवरा फिरला की ओल्या मातीचा जो काळा वास उठायचा तो शर्टाला लागायचा. सकाळी पराटीच्या पानांवर पाणी मण्यासारखं थांबलेलं असायचं. संग्राम, तोच निवांत अभ्यासवाला, एकदा बांधावर बसून बराच वेळ कोळपणी बघत राहिला आणि म्हणाला, च्यायला, हे बरं आहे रे. मग लगेच पुस्तक उघडून बसला, चोरी पकडल्यासारखा.

रावेत एक रिवाज असतो. गावाचा नकाशा कागदावर काढायचा नाही, जमिनीवर काढायचा, रांगोळीनं. शाळेच्या पटांगणात आम्ही सकाळपासून लागलो. पिवळ्या रंगाचे रस्ते, निळी विहीर, हिरवी वावरं, देवळावर लाल झेंडा. लोक जमले. मी हातात काठी घेऊन सरांच्या आवाजात गावालाच गाव समजावून सांगत होतो, आणि बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग नेहमीचा खेळ झाला. प्रत्येकानं नकाशात आपलं घर शोधायचं आणि त्यावर जाऊन उभं राहायचं. म्हातारे, पोरं, सगळे रांगोळी सांभाळत, धोतर उचलत आपापल्या घरावर उभे राहिले. पटांगणात एक छोटं गाव तयार झालं.

आम्ही देवळापासून सुरुवात केली होती. सगळेच तिथूनच करतात. त्यामुळे ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यापर्यंत येता येता पटांगण संपलं. पुढे गटार, त्याच्यापुढे डांबरी रस्ता. सर म्हणाले, हरकत नाही, बाण दाखवा. आम्ही बाण काढला आणि खाली लिहिलं, वस्तीकडे.

गर्दीत कांताबाई म्हणून एक बाई होत्या. कामावरून येता येता थांबल्या होत्या, डोक्यावर गवताचा भारा. त्यांनी बाण बघितला. बाणाच्या रोखानं चालायला लागल्या, अगदी शहाण्या विद्यार्थिनीसारख्या. गटार ओलांडलं, भर रस्त्यात भारा उतरवला आणि मांडी घालून बसल्या. आणि तिथून मोठ्यानं म्हणाल्या, "मी बसली बाप्पा माह्या घरात. आता एसटीवाल्याले सांगा, दारातून नको जाऊ."

काय हशा झाला. कांताबाई सगळ्यात जास्त हसल्या. सरांनी पटकन फोटो काढून घेतला, नकाशाचा. त्यात रस्ता येत नव्हता. दुपारी पावसाची सर आली आणि पिवळा, निळा, हिरवा, सगळं गाव एकाच गटारातून वाहून गेलं.

हा माझा सगळ्यात हिट आयटम आहे. ऑफिसच्या पार्टीत केलाय, संग्रामच्या लग्नात केलाय, आणि घरी तर सोनल शाळेत असल्यापासून. भारा उतरवतो, मांडी घालतो, एसटीचा हॉर्नही मीच देतो. मामा त्या वेळी नेहमी पाणी प्यायला उठतो, हे माझ्या लक्षात यंदा आलं.

रविवारी मी घरूनच ड्यूटीवर होतो. उघडीपीत फोन इतके येतात की सुट्टीच्या दिवशीही हेडफोन लावावा लागतो. मी दारातल्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसलेलो, सोनल समोर खोक्यांतलं तण काढत होती, मामा आत पंख्याखाली आडवा. मामाला दिलेला शब्द पाळायचा म्हणून मी तिला सगळी उत्तरं ऐकवली. संग्राम, दुकानवाला, मेडिकल हुकलेला, सगळे एकामागून एक. आणि मग विचारलं की यातली तू कोण. तुझ्याकडे बाग नाही, दुकान नाही, बांध नाही. मग का?

"आवडतं रे मला," ती म्हणाली. मान वर न करता. "त्यात काय."

एवढंच. इतक्या वर्षांत इतक्या जणांचे आवाज गोळा केले, पण हे वाक्य माझ्या गोळा करण्यात कधी आलंच नव्हतं. संग्रामचं 'हे बरं आहे रे' जवळपास पोचलं होतं, तेही पुस्तकाखाली दडपलं गेलं. मी तिच्या आवाजात मनातल्या मनात म्हणून बघितलं, आवडतं रे मला. जमेना. त्यात काहीच पकडायला नव्हतं. हेल नाही, तोरा नाही, घाबरणं नाही.

मग तिनं विचारलं, कांताबाईंचं घर नंतर काढलं का आम्ही? म्हटलं, पाऊस आला. ती म्हणाली, रस्त्यावरून सुरुवात केली असती तर? म्हणजे बाणाच्या त्या टोकाकडून? मी म्हटलं, मग देऊळ गटारात गेलं असतं आणि आम्ही गावाबाहेर. ती हसली थोडी. "दादा," ती म्हणाली, "तू सगळ्यांचा आवाज काढतोस. तुझा काढ ना कधी."

उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. तिनं ऐकायला हवं म्हणून मी स्पीकर लावला. खरं तर घाबरवायलाच लावला. यवतमाळकडचे एक काका होते, गोड आवाजाचे. मागे घंटी वाजत होती. साहेब, पानं लाल पडून राह्यली. मी लगेच त्यांच्या बोलीत घुसलो, त्यांना पान उलटं करून बघायला लावलं, खाली बारीक हिरवे तुडतुडे तिरके पळतात का विचारलं. पळत होते. काका खूश. साहेब, तुमी तं आमच्याकडचेच दिसता. कोन्या गावचे? मी तालुका सांगितला. मग तो प्रश्न आला, जो येतोच.

"आडनाव काय म्हनलं साहेब तुमचं?"

यावर माझ्याकडे ठरलेले उपाय आहेत. रेंज गेल्यासारखं खरखर करायचं. नाहीतर, आडनावाले काय फवारायचं हाय का काका, आधी पराटी पाहू. हमखास चालतं. मी तोंड उघडलं. समोर सोनल हातात तण घेऊन थांबली होती. आत पंखा चालू होता, पण मामानं कूस बदलली की वाजणारी खाट वाजली नाही, म्हणजे तोही ऐकत होता.

मी आडनाव सांगितलं. वऱ्हाडी हेल आलाच नाही त्यात. शाळेत हजेरीला जो निघायचा तो आवाज निघाला, मलाच अनोळखी झालेला.

रेंज गेली नव्हती, कारण घंटी वाजत होती. बैल दोनदा मान हलवेपर्यंत काका काही बोलले नाहीत. त्या वेळात मी गटार ओलांडलं, भारा उतरवला आणि डांबरी रस्त्यावर मांडी घालून बसलो. माझ्या घरात. कांताबाई हसल्या होत्या खऱ्या, पण खालून तो रस्ता किती तापलेला असतो हे मी त्यांची नक्कल करताना कधी दाखवलं नव्हतं.

"बरं," काका म्हणाले. "मंग वरून मारू का खालून?"

'साहेब' हा शब्द गेला होता. 'भाऊ'ही आला नाही त्याच्या जागी. प्रश्न मात्र तोच होता, आणि तुडतुडे तेच. मला घाईघाईत सांगून फोन ठेवायचा होता. सोनलनं हातानंच खूण केली, हळू. "नीट सांग त्यांना," ती कुजबुजली. "पीक जाईल ना त्यांचं."

मी नीट सांगितलं. पानाच्या खालच्या बाजूनं, सकाळी, वारा पडलेला असताना, नाकातोंडाला फडकं बांधून. काकांनी ऐकून घेतलं, दोन शंका विचारल्या आणि फोन ठेवला.

मी सोनलला म्हटलं, ऐकलंस? हे असं असतं. डिग्री घेऊनसुद्धा असंच. ती म्हणाली, हो, ऐकलं. उपटलेलं तण तिनं खोक्यातच परत पसरलं, कुजून खत होतं म्हणून. हे तिला कुणी शिकवलं देव जाणे, मी तर नाही. मग उठून आत गेली आणि मामाला म्हणाली, पप्पा, पहिल्या नंबरला ॲग्रीच टाकतेय मी.

मी लॅपटॉपकडे बघत बसलो. पुढचा फोन वाजत होता, तो वाजू दिला. मग मामा दारात आला. त्यानं भिंतीकडे बघितलं, सवयीनं. खोक्यांकडे बघितलं. सोनल त्याच्या मागे उभी होती, कोपरापर्यंत माती. तो हात धू म्हणाला नाही. माझ्या शेजारी पायरीवर बसला, मोठ्या मुश्किलीनं, गुडघा धरून.

"तिकडं पोरींचं होस्टेल कसं असते बे?" त्यानं विचारलं. "अन् कोनी आडनाव इचारलं तं?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला माहीत होती, आणि ती कुणाच्याही आवाजात गंमत करून सांगता आली असती. समोर पाऊस पुन्हा भरून येत होता.

"विचारतात, मामा," मी म्हटलं. "पहिल्याच आठवड्यात विचारतात."

सोनल पुढे येऊन आमच्या खालच्या पायरीवर बसली. "मग सांग ना," ती म्हणाली, "दुसऱ्या आठवड्यात काय होतं?"

मी सांगायला लागलो.